पाण्यावर झकास चालणारी स्प्रे गन

सायकलच्या फ्रेमवर दुसरा हात मारत होतो आणि गन थुंकली. आधी एक ठिपका, मग तीन-चार, आणि मग गनवरच्या रंगाच्या कपात खालून वर बुडबुडे. ज्याला यातलं कळतं तो बुडबुडे दिसताच ट्रिगर सोडतो. मला कळत नव्हतं, म्हणून मी प्रेशर वाढवलं. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर पुरळ उठावं तसा रंग बसला.

पुढचे काही दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. रंग दोनदा गाळला, थिनर वाढवला, अंतर कमी-जास्त करून पाहिलं. गन नवी होती ना, चूक माझीच असणार! अशा फसवणुकीत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नवशिक्याला आपल्या हातावर भरवसा नसतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

गन छोटी, ग्रॅव्हिटी फीडची. म्हणजे कप वर, रंग स्वतःच्या वजनानेच खाली उतरतो. फ्रेम, खुर्चीचे पाय, डबे अशा कामांना ही सोयीची. १.० मिमीचं नोझल (रंग बाहेर पडतो ते तोंड), नीडल (ते तोंड उघडणारी-मिटणारी सुई) आणि नोझल दोन्ही स्टेनलेस, एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब), पेटी आत्ताच फोडली, असं विकणाऱ्याने सांगितलं. मग कपात पाणी ओतून पुठ्ठ्यावर फवारून दाखवलं. फवाऱ्याचा पंखा असा सुरेख पडला की मी तिथेच विरघळलो. त्याने खिशातून लोहचुंबक काढून नीडलला लावला. चिकटला नाही. "बघा, अस्सल स्टेनलेस."

एक गोष्ट मी पाहूनही पाहिली नव्हती. दर वेळी ट्रिगर सोडला की तो बोलता बोलता हातातल्या फडक्याने गनचं तोंड पुसायचा. टापटिपीचा माणूस दिसतोय, असं मला वाटलं. तो थेंब पुसत होता. नीडल नोझलमध्ये नीट बसत नव्हती.

आता पाण्याच्या खेळाबद्दल. पाणी इतकं पातळ असतं की जवळपास कुठल्याही गनमधून ते छान फवारलं जातं. फवारणीसाठी पातळ केलेला रंग ४ नंबरच्या डीआयएन कपातून (रंग किती पातळ ते मोजायचं, तळाला भोक असलेलं भांडं) गळायला बरेचदा १८-२० सेकंद घेतो. पाणी त्याच्या साधारण निम्म्या वेळात गळून जातं. त्यामुळे पाण्याचा पंखा पाहून गन ठरवू नका. चुंबकाचंही तेच. स्टेनलेसच्या काही जातींना तो चिकटतो, काहींना नाही. आणि पितळेला तर चिकटतच नाही. माझी नीडल क्रोमचा मुलामा दिलेली पितळ होती.

हे समजलं ते गन पूर्ण उघडल्यावर. नीडल बाहेर काढून उजेडात धरली. टोकापासून थोडं मागे, जिथे ती नोझलवर टेकते तिथे, एक बारीक पिवळं कडं उमटलं होतं. बोटाच्या नखाला खाच लागत होती. दोन वेळा वापरलेल्या गनच्या नीडलला एवढी झीज कशी येईल? मग एअर कॅप, म्हणजे नोझलभोवतीची हवेची टोपी, काढली. तिच्या आट्यांमध्ये करडा प्रायमर वाळून बसला होता. मी आयुष्यात करडा प्रायमर वापरलेला नाही. माझ्याकडे एकच डबा, लाल ऑक्साइडचा. म्हणजे ही गन कुणीतरी वापरून परत केलेली, किंवा दुरुस्तीला आलेली, आणि वरून पुसून पेटीत घातलेली.

नोझलवर १.० कोरलेलं होतं. १ मिमी ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी हलक्या हाताने आत सरकवली तर ती खुळखुळली. १.२ चीही सहज गेली. १.४ ची जेमतेम बसली. हे करताना दांडीचीच बाजू वापरा. धारेच्या बाजूने मऊ नोझलच्या भोकाला ओरखडा पडला तर फवारा कायमचा वाकडा होईल. नोझल, नीडल आणि एअर कॅप हा एक संच असतो. तिन्ही एकमेकांसाठीच घडवलेली असतात. माझ्या गनमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी संचाचं नोझल बसवलेलं होतं, तेही पूर्ण टेकत नव्हतं. त्या फटीतून हवा उलटी रंगाच्या वाटेत शिरून कपात येत होती. बुडबुडे कसले, ते कोडं तिथे सुटलं.

"एचव्हीएलपी" ही आता गनवर नुसती कोरायची अक्षरं झाली आहेत. त्याचा खरा अर्थ असा की एअर कॅपपाशी दाब १० पीएसआयच्या वर जाता कामा नये. हवा भरपूर, दाब कमी. भरपूर हवा द्यायची तर कंप्रेसरही तसा हवा, आणि इथे विकणाऱ्याने दुसरी थाप मारली होती: "कुठल्याही कंप्रेसरवर चालते." त्याचा कंप्रेसर कमरेएवढ्या टाकीचा होता. माझी टाकी २४ लिटरची. ट्रिगर धरून ठेवला की काटा डोळ्यांदेखत खाली सरकतो, फवारा जाड होतो. गन मिनिटाला किती लिटर हवा खाते ते विचारा आणि कंप्रेसर प्रत्यक्षात किती हवा बाहेर देतो त्याच्याशी ताडून बघा. कंप्रेसरवर ठळक छापलेला आकडा बरेचदा पिस्टनने आत ओढलेल्या हवेचा असतो. बाहेर येते ती त्याहून कमी.

आता माझा मूर्खपणा. प्रायमर सापडल्यावर मी फोटो काढला नाही. रागाच्या भरात अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवली, सकाळी ब्रशने घासून लखलखीत केली आणि ती घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने गन हातात घेतली, नाकाशी नेली आणि हसला. "थिनरमध्ये बुडवलीत? मग पॅकिंग तुम्हीच मारलंत, दादा." आणि या एका मुद्द्यावर तो बरोबर होता. पॅकिंग म्हणजे गनच्या आतलं, गळती रोखणारं सील. थिनरमध्ये पडून राहिलं की ते फुगतं, कडक होतं. पुरावा मी माझ्या हाताने धुऊन टाकला होता. पैसे मिळाले नाहीत. नुसतं नोझल बदलून घ्यावं म्हटलं तर त्या आट्यांचं नोझल कुठे मिळेना.

दुसरी गन घेताना मी स्वतःचा पातळ केलेला रंग बाटलीत घेऊन गेलो. आधी एअर कॅप, नोझल, नीडल काढून बघू द्या म्हटलं. एकाने नकार दिला, तिथून उठलो. कपात थिनर घालून गन दहा मिनिटं टांगून ठेवली, तोंडाशी थेंब आला नाही. हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर ट्रिगर दाबलेला ठेवूनच लावला, कारण सोडलेल्या ट्रिगरवर काटा जे दाखवतो ते फवारताना टिकत नाही. कागदावर एक झटका मारला. पंखा एका बाजूला जड वाटला, तर एअर कॅप अर्धा वळसा फिरवून पुन्हा मारायचा. जड बाजू कॅपबरोबर फिरली तर दोष कॅपमध्ये, जागेवर राहिली तर नोझल किंवा नीडलमध्ये. हा झटका पाण्याने नाही, रंगानेच मारा. आणि दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग असेल तर साधं कापड तोंडाला बांधून भागत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये (रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या भागात) फुफ्फुसांना घातक असं आयसोसायनेट असतं. योग्य रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल तर तो प्रयोग राहू द्या.

फ्रेम अजून घासतोय. सरळ नळ्या साफ झाल्या, पण मागच्या जोडाच्या कोपऱ्यात सँडपेपर पोचत नाही, आणि नेमके तिथेच ते ठिपके जास्त आहेत.