कुबरनेटीसवरील ‘क्यू’: बसवणे सोपे, रांगा आखणे विचाराचे काम

कुबरनेटीस ही अनेक संगणकांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, प्रोग्राम चालवणारी प्रणाली आहे. एकाच क्लस्टरवर अनेक गट जड जॉब (चालून संपणारी कामे) चालवत असतील, तर जीपीयू (जड गणनेसाठीचा प्रोसेसर) आधी कोणाला मिळावा, हा प्रश्न कुबरनेटीसचा मूळ शेड्युलर (कामांना जागा नेमून देणारा भाग) सोडवत नाही. समोर आलेला पॉड (जॉबचा प्रत्यक्ष चालणारा घटक) कोणत्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या कोणत्या संगणकावर, बसवायचा, एवढेच तो पाहतो. जॉब मुळात सुरू केव्हा व्हावा, हे ठरवण्यासाठी कुबरनेटीस समुदायानेच ‘क्यू’ (Kueue) हे साधन तयार केले आहे. अशाच कामाचे दुसरे साधन, व्होल्कॅनो, स्वतःचा वेगळा शेड्युलर आणतो, तर क्यू मूळ शेड्युलर तसाच ठेवतो, ‘सस्पेंड’ या फील्डच्या आधारे जॉब रोखून धरतो आणि कोट्यात (ठरवून दिलेल्या वाट्यात) जागा झाली की त्याला वाट मोकळी करून देतो. चालू क्लस्टरवर काही नवे बसवताना मनात जी धास्ती असते, ती या रचनेमुळे बरीच कमी होते, आणि म्हणूनच मला ती मनापासून आवडली.

बसवण्यासाठी हेल्म (कुबरनेटीसवर साधने बसवणारा प्रोग्राम) चालते, किंवा ठरावीक आवृत्तीचे मॅनिफेस्ट (काय बसवायचे याच्या व्याख्यांची फाइल) कुबसीटीएल या कुबरनेटीसच्या कमांडने लावता येते. मात्र ‘सर्व्हर-साइड’ हा पर्याय विसरू नये. साध्या पद्धतीत संपूर्ण व्याख्येची प्रत अ‍ॅनोटेशनमध्ये (वस्तूला जोडलेल्या टिपणात) साठवली जाते आणि तिथे एकूण २,६२,१४४ बाइटांचीच मर्यादा असते. क्यूच्या व्याख्या लांबलचक असल्यामुळे ती ओलांडली जाऊ शकते.

खरे काम त्यानंतर सुरू होते. रिसोर्सफ्लेवर (संसाधनाचा प्रकार), क्लस्टरक्यू (कोटा ठरवणारी रांग) आणि लोकलक्यू (एका नेमस्पेसची, म्हणजे क्लस्टरमधल्या एका स्वतंत्र कप्प्याची, रांग) लिहीपर्यंत क्यू नुसता बसून राहतो. क्लस्टरक्यूमधील नेमस्पेस-सिलेक्टर रिकामा कंस देऊन लिहिला तर सगळे नेमस्पेस पात्र ठरतात, पण तो लिहिलाच नाही तर एकही ठरत नाही; माझे पहिले जॉब याच कारणाने रांगेतच राहिले आणि कंट्रोलरच्या लॉगमध्ये बराच वेळ गेला. शिवाय कोटा म्हणजे आपणच लिहिलेले आकडे असल्यामुळे, प्रत्यक्ष नोडपेक्षा ते मोठे लिहिले तर जॉब मंजूर होऊनही पॉड ताटकळतात.

कोहॉर्टची, म्हणजे क्लस्टरक्यूंचा एकत्र गट करण्याची, सोय मात्र अतिशय उपयुक्त आहे: एका गटाचा न वापरलेला कोटा दुसऱ्याला उसना घेता येतो आणि, प्रीएम्प्शन (चालू जॉब थांबवून जागा मोकळी करणे) तसे ठरवलेले असेल तर, मूळ गटाला तो परत मिळवता येतो. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. रांगेचे लेबल नसलेला जॉब, वेगळी सेटिंग केलेली नसल्यास, कोट्याला वळसा घालून थेट चालू होतो. अनेक गटांच्या क्लस्टरवर ही सेटिंग पहिल्याच दिवशी, गटांना कळवून, ठरवून टाकावी.