सांगलीत पहिली गाडी: विमा वडिलांच्या नावावर स्वस्त की स्वतःच्या?

वय कमी म्हणून आपल्याला गाडीचा विमा महाग पडेल, अशी भीती बावीस-तेवीस वर्षांच्या बहुतेक मुलांना असते. परदेशात तसे होते खरे, पण आपल्याकडे खासगी मोटारीचा हप्ता मुख्यतः गाडीवरून, म्हणजे तिची इंजिनक्षमता, किंमत, वय आणि पासिंग यांवरून ठरतो. चालकाच्या वयाला त्यात फारसे स्थान नाही. त्यामुळे पैसे वाचवायचे असतील तर विमा कोणत्या प्रकारचा घ्यायचा आणि गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, या दोन निर्णयांकडे पाहावे लागते.

कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, कुठेही घ्या, दर तोच. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या मोटारीला ७,८९७ रुपये पडतात, वर १८ टक्के जीएसटी. कोरी गाडी घेणाऱ्याला हा भाग तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. कंपन्यांची चढाओढ चालते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत, याच भागावर मिळते.

माझ्या भाच्याने यंदा १२०० सीसीची तीन वर्षांची जुनी गाडी पाहिली, तेव्हा आम्ही दोन कागद शेजारी ठेवून हिशेब मांडला. ओन डॅमेजचा हप्ता सोयीसाठी ८,००० रुपये धरला. त्याच्या नावावर, कोणतीही सवलत नसताना, ८,००० अधिक ३,४१६, त्यावर जीएसटी, असे १३,४७१ रुपये होत होते. त्याच्या वडिलांनी आपली जुनी मोटार गेल्याच वर्षी विकली होती आणि पाच वर्षे क्लेम नसल्याने त्यांची एनसीबी ५० टक्क्यांवर पोहोचली होती. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, आणि जुन्या कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावता येते. वडिलांच्या नावावर तोच हप्ता ८,७५१ रुपयांवर आला. फरक ४,७२० रुपयांचा.

फरक मोठा आहे, परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मालकाच्या परवानगीने वैध लायसन असलेल्या मुलाने गाडी चालवली तर विमा लागू राहतो; मात्र १५ लाखांचे जे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते ते मालक-चालकाचे, म्हणजे वडिलांचे असते, आणि रोज स्टिअरिंगवर बसणारा मुलगा त्यात येत नाही. शिवाय मुलाच्या नावावर एनसीबी साचत नाही, त्यामुळे चार वर्षांनी स्वतःची गाडी घेताना तो पुन्हा शून्यावर असतो. माझे मत असे की पहिली दोन-तीन वर्षे गाडी वडिलांच्या नावावर ठेवावी आणि वाचलेल्या रकमेतून मुलाच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा अवश्य घ्यावा. वडिलांकडे एनसीबी नसेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. गाडी सरळ स्वतःच्या नावावर घ्यावी आणि एनसीबीची २० टक्क्यांपासूनची चढण लवकर सुरू करावी.

आता नुसता थर्ड पार्टी की फुल विमा, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही? गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि विश्रामबाग किंवा कुपवाडसारख्या उंचावरच्या भागात उभी राहत असेल, तर नुसत्या थर्ड पार्टीचा विचार समजण्यासारखा आहे. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर या भागांत मात्र मी तो सल्ला कोणालाही देणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. थर्ड पार्टी विम्यातून पुरात बुडालेल्या स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही.

फुल विमा असला तरी एक फट राहते. त्या पुरानंतर आमच्या शेजारच्या काकांनी पाणी ओसरताच गाडीला चावी मारली. सिलिंडरमध्ये पाणी होते, कनेक्टिंग रॉड वाकला. सर्व्हेअरने सीटा आणि वायरिंग मंजूर केले, पण इंजिनचे नुकसान गाडी सुरू केल्यामुळे झाले असे सांगून ते नाकारले. हे नुकसान भरून देणारे इंजिन प्रोटेक्शन वेगळे घ्यावे लागते आणि नदीकाठच्या माणसाने ते घ्यावेच. ते असले तरी बुडालेली गाडी सुरू न करता टो करून न्यावी.

झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारे जादा संरक्षण, याबद्दल बरेच जण साशंक असतात. नव्या चालकाच्या हातून सर्वांत आधी फुटतो तो बंपर. साध्या फुल विम्यात प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो. ८,००० रुपयांच्या बंपरचे ४,००० होतात आणि त्यातून १,००० रुपयांची सक्तीची वजावट जाऊन हातात ३,००० येतात. झिरो डेप असेल तर ७,००० मिळतात. तरीही साध्या ओरखड्यासाठी क्लेम करू नये, कारण एका क्लेमने साचलेली एनसीबी शून्यावर येते.

हप्ता कमी दाखवण्याची एक युक्ती मात्र ओळखून असावे. शोरूममध्ये असो वा एजंटकडे, दोन कोटेशन हातात आली की हप्त्याआधी आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा रक्कम, पाहावी. ती साठ-सत्तर हजारांनी खाली आणून हप्ता हजारभर रुपयांनी उतरवलेला असतो, आणि गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बुडाली की भरपाई त्या कमी रकमेवरच थांबते. त्यापेक्षा ऐच्छिक वजावट वाढवून घेतलेली सवलत प्रामाणिक आहे, अर्थात तेवढी रक्कम वेळेला खिशातून काढता येत असेल तर.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि गाडी घरीच ठेवून शनिवार-रविवारी वापरणाऱ्या मुलांसाठी जुलै २०२२ पासून परवानगी मिळालेला किलोमीटरवर आधारित विमाही तपासण्यासारखा आहे. सांगली पासिंग की पुणे पासिंग, यानेही हप्त्यात थोडा फरक पडतो, पण तो इतका किरकोळ आहे की त्यासाठी पत्ता बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

भाच्याने शेवटी गाडी वडिलांच्या नावावर घेतली, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्शनसह. वापरलेली गाडी असल्याने आरसी नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमाही नावावर करून घ्यायचा होता. ते काम त्याने त्याच आठवड्यात उरकले.