आधी ‘अर्थसी’ की आधी ‘हिज डार्क मटेरियल्स’?

जादूच्या शाळेची लोकप्रिय मालिका संपते आणि ‘आता याहून सकस काय वाचू?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा जाणकारांकडून हटकून दोन नावं पुढे येतात. उर्सुला ले ग्वीन यांची ‘अर्थसी’ आणि फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’. दोन्ही कुमारवयीन वाचकांच्या कपाटात ठेवल्या जातात आणि दोन्ही मोठ्यांनाही पुरून उरतात. यांतलं थोर कोण हा वाद घालण्यात अर्थ नाही. आधी कोणती हातात घ्यावी आणि कोणती कुठे दमवते, एवढंच पाहू.

सुरुवातीच्या पकडीचा प्रश्न असेल तर पुलमन सरळ पुढे आहेत. त्रयीतला पहिला भाग ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) उघडला की पहिल्याच पानावर नायिका लायरा कॉलेजच्या अंधाऱ्या दालनातून चोरपावलांनी, जिथे तिला जायची मनाई आहे त्या खोलीकडे निघालेली असते. तिच्यासोबत तिचा डीमन, म्हणजे प्राण्याच्या रूपात शरीराबाहेर वावरणारा तिचा आत्मा, पॅन्टलायमन असतो, अंधारात दिसू नये म्हणून गडद तपकिरी पतंगाचं रूप घेतलेला. डीमन म्हणजे काय, हे कोणी बसून समजावत नाही. लहान मुलांचे डीमन रूप बदलत राहतात आणि मोठ्यांचे कायमचे एका रूपात स्थिरावतात. दुसऱ्याच्या डीमनला हात लावणं अकल्पनीय, आणि आपल्यापासून तो फार लांब गेला तर जीव पिळवटतो. हे सगळं वाचक घटनांमधून उचलतो. ही मांडणी इतकी पक्की आहे की पुढे उत्तरेच्या बर्फात एक मुलगा वाळलेला मासा छातीशी घट्ट धरून बसलेला दिसतो, तेव्हा त्या माशाच्या जागी काय असायला हवं होतं हे सांगावं लागत नाही. नंतर मोठी माणसं तो मासा कुत्र्यांना टाकून देतात, आणि लायराचा संताप वाचणाऱ्याच्याही अंगात चढतो. कल्पित जगाचा नियम वाचकाच्या भावनेत कसा मुरवावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला या प्रकारात आढळलेलं नाही.

‘अर्थसी’तलं पहिलं पुस्तक, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), उलट टोकापासून सुरू होतं. नायक गेड पुढे ड्रॅगनलॉर्ड आणि आर्चमेज, म्हणजे जादूगारांचा प्रमुख, होणार, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलेलं आहे. म्हणजे ‘तो वाचेल का?’ ही उत्कंठा लेखिकेने आपणहून सोडून दिली. संवाद कमी आणि निवेदन जास्त. दोन-तीन वाक्यांत अख्खा हिवाळा सरतो. वेगाने वाचायची सवय असलेल्यांची इथेच फसगत होते, कारण महत्त्वाची गोष्ट अर्ध्या वाक्यात येऊन जाते आणि पुढच्या प्रकरणात तिचाच हिशेब मागितला जातो. म्हणून एका बैठकीत एकच प्रकरण वाचावं. प्रकरणं दहाच आहेत. पुस्तकातल्या नकाशावर खूण ठेवावी, कारण गेडचा पाठलाग कोणत्या बेटाकडून कोणत्या बेटाकडे चाललाय हे कळलं नाही तर उत्तरार्धाचा निम्मा ताण हरवतो. मोठ्याने वाचायला मात्र हे पुस्तक फार सुरेख. वाक्यांना श्वासाची लय आहे.

इथपर्यंत दोघं तुल्यबळ म्हणता येतील. माझ्यापुरतं पारडं झुकलं ते एका गोष्टीमुळे, लायराच्या हातातल्या अ‍ॅलिथिओमीटरमुळे.

दिसायला ते होकायंत्रासारखं. तबकडीच्या कडेने ३६ चित्रं आणि प्रत्येक चित्राला अर्थांचे थरावर थर. तीन काटे विचारणाऱ्याने हव्या त्या चित्रांवर आणायचे, मग चौथा आपणहून फिरून उत्तर देतो. अभ्यासकांना जाडजूड ग्रंथ चाळून जे लावावं लागतं, ते लायराला नुसतं पाहून कळतं. कल्पना म्हणून देखणी, यात शंका नाही. पण कथानकात ती काय करते ते पाहा. योरेक या अस्वलाचं चिलखत गावकऱ्यांनी लपवलंय. कुठे? यंत्र सांगतं, पाद्र्याच्या घरात. वाटेपासून दूर एका गावात काहीतरी भयंकर आहे, तेही यंत्रच सांगतं. दुसऱ्या भागात परक्या जगात लायराला विल भेटतो. या अनोळखी मुलावर विश्वास ठेवावा का? यंत्र सांगतं की हा खुनी आहे, आणि लायरा निर्धास्त होते. खुनी म्हणजे निदान भित्रा तरी नाही, हा तिचा हिशेब तिच्या स्वभावाला शोभणाराच आहे. तरीही दोन परक्या मुलांमध्ये विश्वास कसा रुजतो, हे उलगडून दाखवायची जागा तिथे होती, आणि ती काट्याच्या एका फेरीने भरली गेली. वाचताना हे पुन्हा पुन्हा टोचतं. पात्र अडलं, की आता ती पिशवीतून यंत्र काढणार, अशी वाट पाहायची सवय लागते. एकदा ती लागली की अडचणीला अडचणीचं वजन राहत नाही.

पुलमन यांना हे उमगलं नव्हतं असं मुळीच नाही. दुसऱ्या भागात ते यंत्र चोरीला जाऊ देतात आणि त्यातूनच विलच्या सुरीची, एका जगातून दुसऱ्या जगात वाट कापणाऱ्या सुरीची, गोष्ट सुरू होते. पहिल्या भागात अस्वलांच्या राजाला फसवताना लायरा यंत्राची गुपचूप मदत घेते खरी, पण ती थाप, तिची हिंमत आणि तिचं प्रसंगावधान सगळं तिचं स्वतःचं आहे. म्हणून तो प्रसंग झळकतो. त्याच भागाच्या अखेरीस यंत्राचं उत्तर बरोबर होतं आणि लायराने लावलेला अर्थ चुकला होता, हे कळतं तेव्हा धक्का बसतो. तिसऱ्या भागात मृतांच्या जगात तिची थाप चालत नाही, फक्त खऱ्याखुऱ्या अनुभवाची गोष्ट चालते. तिथे तर यंत्राचा काही संबंधच नाही, आणि ती पानं त्रयीतली सर्वांत उंच पानं आहेत. कदाचित म्हणूनच इतर ठिकाणचं फुकटात मिळालेलं उत्तर जास्त खटकत असावं.

आता ‘अर्थसी’ मधला तसाच पेच घ्या. गेडच्या गर्वातून मोकळी झालेली एक सावली त्याच्या मागे लागली आहे. तिचं खरं नाव कळलं तर तिच्यावर ताबा मिळेल, कारण या जगात जादूचा सगळा व्यवहार खऱ्या नावांवर चालतो. पण तिला नाव आहे का, यावरच थोरांचं एकमत नाही. जादूची शाळा असलेल्या रोक बेटावरचा आर्चमेज गेन्शर म्हणतो, तिला नावच नाही. गाँट बेटावरचा ओगियन म्हणतो, प्रत्येक गोष्टीला नाव असतं. गेड पेंडॉर बेटावर येवॉड या ड्रॅगनसमोर उभा राहतो. या ड्रॅगनचं नावसुद्धा त्याला कोणी सांगितलेलं नाही. जुन्या ड्रॅगनकथा वाचून त्याने अंदाज बांधलाय, आणि तो खरा की खोटा हे नाव उच्चारल्यावरच कळणार. अंदाज बरोबर निघतो. मग ड्रॅगन त्याच्यापुढे आमिष ठेवतो, तुझ्या सावलीचं नाव सांगतो. गेडला जे हवंय तेच समोर आलंय. पण हाती आलेल्या या एकाच पकडीवर त्याला बेटांवरच्या लोकांसाठी अभय मागून घ्यायचं आहे. दोन्ही मिळणार नाही. तो स्वतःचं उत्तर सोडतो. पुढे ओस्किल बेटावर एका प्राचीन शिळेकरवी तेच उत्तर पुन्हा पुढे केलं जातं आणि तो पुन्हा नाकारतो, कारण ते उत्तर घेतलं तर मालक कोण होणार हे त्याला कळलेलं असतं.

इथे कशालाही किंमत आहे, आणि ती आधीच सांगितलेली आहे. रोकच्या शाळेत एक गुरुजी एकाकी मनोऱ्यात बसून विद्यार्थ्यांकडून नावांच्या याद्या पाठ करून घेतात. मध्यरात्री शाई पुसट होऊन कागद कोरा होतो, त्याआधी यादी डोक्यात गेली पाहिजे. दुसरे गुरुजी बजावतात की रोकवर पाडलेला पाऊस ओस्किलमध्ये दुष्काळ होऊ शकतो. गेड एका होड्या बांधणाऱ्याच्या आजारी मुलाला परत आणायला मरणाच्या उतारावर नको तितका पुढे जातो. मूल वाचत नाही, आणि गेडही परतला नसता. त्याने पाळलेला ओटक नावाचा छोटासा प्राणी त्याचं अंग चाटत राहतो, त्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो. नियम मोडून आपल्या सोयीचं काही घडवणं लेखिकेने स्वतःलाही नाकारलं आहे. वयात येणाऱ्या मुलासाठी लिहिताना हा प्रामाणिकपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

‘अर्थसी’चे दोष झाकायचं कारण नाही. पहिल्या भागात बायकांची जादू म्हणजे दुबळी किंवा दुष्ट, असं म्हणीच्या सुरात येतं, आणि कर्तबगार म्हणावी अशी स्त्री जवळपास नाहीच. लेखिका पुढच्या पुस्तकांत याच मुद्द्याकडे परत आल्या, पण पहिलंच पुस्तक वाचणाऱ्या मुलीला ते कसं ठाऊक असणार? लायरासारखी थापाडी, भांडकुदळ, जिवाला जीव देणारी नायिका हवी असेल तर पुलमन यांच्याकडेच जावं लागेल. भाषेचंही तसंच. पुलमन यांचं इंग्रजी संवादांवर धावतं. ‘अ‍ॅनबारिक’ (विजेचा) सारखे बनवलेले शब्द दिव्यांच्या संदर्भात दोनदा आले की अर्थ आपसूक लागतो. ले ग्वीन यांचं इंग्रजी शब्दांनी सोपं असूनही जुन्या आख्यानाच्या चालीचं आहे, त्याला कान सरावायला दोन-तीन प्रकरणं जातात.

मालिका अर्धवट सुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘अर्थसी’त ती जागा म्हणजे दुसरं पुस्तक, ‘द टूम्स ऑफ अटुआन’ (१९७१). वाचक गेडला शोधत येतो आणि गेड तर चार प्रकरणं फिरकतच नाही. तिथे आहे टेनार, लहानपणीच घरातून उचलून आणलेली, नाव काढून घेतलेली पुजारीण. थडग्यांखालच्या भुयारात उजेड न्यायला बंदी, म्हणून ती भिंतीवरून बोटं फिरवत, वळणं आणि दारं मोजत तो अंधार पाठ करते. ही प्रकरणं घाईत उरकली तर पाचव्या प्रकरणात त्या भुयारात पहिल्यांदा उजेड दिसतो त्याचा हादरा बसणारच नाही. तिसऱ्या, ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) मध्ये समुद्रातल्या तराफ्यांवर राहणाऱ्या लोकांचा भाग संथ वाटतो. तिथे मात्र थोडं रेटून पुढे जायला हरकत नाही.

‘हिज डार्क मटेरियल्स’मध्ये ती जागा तिसऱ्या भागात, ‘द अँबर स्पायग्लास’ (२०००) मध्ये आहे. प्रकरणं ३८, आणि कथा विल, लायरा, मिसेस कोल्टर, लॉर्ड एस्रिएल, मेरी मलोन यांच्यात सतत उड्या मारते. मेरीला भेटणारे मुलेफा, म्हणजे बियांच्या गोल कवचांची चाकं करून धावणारे प्राणी, हे पुलमन यांच्या कल्पनेचं वैभव आहे. पण तिथे जीव रमतो न रमतो तोच लढाईकडे जावं लागतं. लेखकाला धर्मसत्तेबद्दल जे म्हणायचंय ते पहिल्या भागात घटनांतून कळतं, तिसऱ्या भागात पात्रांच्या तोंडून थेट ऐकावं लागतं. इथे थकवा आला तर मेरीची प्रकरणं सलग वाचून मग मागे येता येतं, फारसं काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या जुन्या आवृत्तीत लायराच्या वयात येण्याबद्दलची काही वाक्यं गाळलेली आहेत. पर्याय असेल तर ब्रिटिश आवृत्ती घ्यावी.

आणखी एक व्यावहारिक फरक निर्णायक ठरू शकतो. ‘अर्थसी’चं प्रत्येक पुस्तक स्वतःपुरतं संपतं. पहिलं वाचून थांबलात तरी हातात एक पूर्ण गोष्ट असते. पुलमन यांचा दुसरा भाग, ‘द सटल नाइफ’ (१९९७), वाचकाला अधांतरी सोडतो, म्हणून तो सुरू करताना तिसरा जवळ असलेला बरा. वाचनाची सवय नुकतीच लागलेल्या, चटकन कंटाळणाऱ्या मुलाला ‘नॉर्दर्न लाइट्स’ द्यावं, त्यात दुमत नसावं. पण एकटं, सावकाश वाचणारं मूल असेल, किंवा स्वतःसाठी निवडणारा मोठा वाचक असेल, तर माझा हात ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’कडेच जाईल.

ते घेतलंत तर पहिल्या तीन पुस्तकांनंतर बारा-तेराच्या वयात थांबलेलं बरं. चौथं, ‘तेहानू’ (१९९०), अठरा वर्षांनी लिहिलेलं आहे. त्यात मध्यमवयीन टेनार आणि जाणूनबुजून आगीत लोटलेली एक मुलगी आहे, आणि मुलांवर होणाऱ्या अत्याचाराकडे ते सरळ बघतं. सोळा-सतराव्या वर्षी ते जास्त पोचतं. त्यानंतर २००१ ची दोन पुस्तकं राहतात. त्यांत ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ आधी वाचावं, कारण त्यातल्या शेवटच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ या कथेतली नायिका पुढे ‘द अदर विंड’मध्ये येते, आणि ती कोण हे ठाऊक नसेल तर त्या पुस्तकातला मोठा धागा हातातून निसटतो.