पूरपट्ट्यातल्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी: काय मिळतं, कुठे अडतं

‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. मजकूर विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इरडाने, ठरवून दिलेला आहे. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, मूळ कलमं तीच. पुढच्या चार महिन्यांच्या आतच, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, महाड पाण्याखाली गेलं आणि तळियेवर दरड कोसळली. अशा पट्ट्यात घर असलेल्या माणसाच्या ही पॉलिसी किती कामाची आहे, एवढंच इथे तपासलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो: पक्कं घर असेल तर घ्यावी. पाचपैकी चार गुण. एक गुण कशासाठी कापला ते पुढे येईलच.

दर पुरानंतर एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘धोका माहीत असताना तिथे राहतात कशाला?’ चिपळूण, महाड, सांगली, कुरुंदवाड ही गावं नदीच्या आधारानेच वाढली. शेत, दुकान, मुलांची शाळा सगळं तिथेच, आणि पाणी येणाऱ्या गल्लीतलं घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक येत नाही. म्हणून ‘जबाबदारी घ्या’ असं कुणाला सांगण्याआधी ती घेण्याचं साधन त्याच्या आवाक्यात आहे का, हे बघायला हवं. सरकारी मदतीचा हिशेब पाहा. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत, तर कपड्यांना आणि भांड्यांना कुटुंबामागे प्रत्येकी २,५०० रुपये. राज्य सरकार वेळोवेळी त्यात भर घालतं. ही मदत पहिले काही आठवडे तग धरण्यासाठी असते आणि विमा असो वा नसो, ती मिळालीच पाहिजे. पण तेवढ्यात घर उभं राहत नाही. उरलेली दरी ही पॉलिसी बऱ्यापैकी भरून काढते.

आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, जलमय होणं, जमीन खचणं, दरड कोसळणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे, वेगळं जोडून घ्यावं लागत नाही. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही त्यातच येतं. एक कलम मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळेच घरात चोरी झाली तर तीही यात बसते. घर सोडून निवाऱ्यात गेलेल्या कुटुंबासाठी हे मोलाचं आहे. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत मात्र हातात हवी.

आता रकमेचं. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही. चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) गुणिले तुमच्या भागातला बांधकामाचा आजचा दर, एवढंच सूत्र आहे. समजा ७०० चौरस फुटांचं बैठं घर आहे आणि दर २,२०० रुपये, तर विम्याची रक्कम १५ लाख ४० हजार. बाजारभावाने घर ४० लाखांचं आहे म्हणून ४० लाख लिहिले, तर जादा हप्ता फुकट जातो, कारण भरपाई बांधकामाच्या खर्चाच्या वर जात नाही. व्हरांडा, गच्ची, गाडी ठेवण्याची जागा यांचं क्षेत्र अर्जात वेगळं दाखवावं. कुंपणाची भिंत, फाटक, संरक्षक भिंत, सेप्टिक टाकी, पाण्याची पक्की टाकी, छतावरचे सौर पॅनेल हे सगळं ‘घराची इमारत’ या व्याख्येत येतं. पुरात कुंपणाची भिंत सगळ्यात आधी आडवी होते, आणि दावा करताना लोक नेमकी तीच विसरतात.

या पॉलिसीतली सर्वात चांगली गोष्ट म्हणजे रक्कम कमी लिहिली म्हणून दाव्याला कात्री लागत नाही. जुन्या पद्धतीत २० लाखांच्या घराचा १० लाखांचाच विमा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीवर हातात १ लाखच पडायचे. इथे ते कलमच काढून टाकलं आहे. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत, झालेलं नुकसान पूर्ण धरलं जातं. शिवाय पॉलिसी १० वर्षांपर्यंत एकदम काढता येते आणि इमारतीची रक्कम दरवर्षी जादा हप्त्याशिवाय १० टक्क्यांनी वाढते, म्हणजे वरच्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी १६ लाख ९४ हजार. पूरपट्ट्यात दीर्घ मुदतीची पॉलिसीच घ्यावी असं आम्ही सांगू, कारण नूतनीकरण विसरलं जातं ते नेमकं मे-जूनमध्ये.

घरातल्या सामानाकडे जास्त बारकाईने बघा. इमारतीचा विमा घेतला की सामानाला आपोआप २० टक्के संरक्षण मिळतं, कमाल १० लाखांपर्यंत. आपल्या उदाहरणात ३ लाख ८ हजार. ऐकायला पुरेसं वाटतं. आता तळमजल्यावर कंबरभर पाण्यात काय काय जातं ते मांडून बघा: फ्रिज २८ हजार, वॉशिंग मशीन २२, टीव्ही ३०, सोफा ३५, दोन पलंग ५०, गाद्या २०, प्लायवूडची कपाटं ६०, इन्व्हर्टर आणि बॅटरी २५, संगणक ४५, कपडे-अंथरुणं ६०. बेरीज ३ लाख ७५ हजार. भांडी, मिक्सर, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं अजून धरलीच नाहीत. प्लायवूड पाण्यात फुगलं की दुरुस्त होत नाही, गाद्या उन्हात वाळवल्या तरी वास जात नाही, म्हणजे यातलं बहुतेक पूर्ण नुकसानच. तेव्हा सामानाची यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. किंमत धरताना तशीच वस्तू आज विकत घ्यायला किती पडतील ते लिहा.

दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांचा विमा ऐच्छिक आहे, तो वेगळा घ्यावा लागतो. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. रोख रक्कम, कागदपत्रं, वाहनं यात नाहीत. दाराशी उभ्या दुचाकीला तिच्या स्वतःच्या सर्वंकष पॉलिसीतूनच भरपाई मिळते.

अडतं कुठे? कोकणात घरामागचा डोंगर कापून जागा काढण्याची पद्धत आहे. दरड कोसळण्याला संरक्षण आहे खरं, पण खोदकाम, बांधकाम किंवा सदोष बांधणीमुळे जमीन खचली असेल तर ते वगळलेलं आहे. उतार उभा कापून, संरक्षक भिंत आणि पाणी जायला वाट न ठेवता मागची पडवी वाढवली असेल, तर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येईल. नदीने किंवा समुद्राने काठ कुरतडत नेल्यामुळे खचलेलं घरही या कलमातून बाहेर आहे. छताची जुनी गळती, भिंतीतली ओल, बुरशी यांना भरपाई नाही, कारण ती ठरावीक घटनेने झालेली नसते. विजेच्या उपकरणांतल्या शॉर्टसर्किटचंही तसंच. पाणी ओसरल्यावर ओला फ्रिज नुसता पुसून सुरू केला आणि मोटर जळली, तर पुराने गेला की शॉर्टसर्किटने, हा वाद ओढवून घेतल्यासारखं होतं. वायरमनने मीटरपासून तपासेपर्यंत काहीच चालू करू नका. विम्यापेक्षा जिवासाठी ते जास्त गरजेचं आहे.

नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीची अट आहे. पूरपट्ट्यात याचा अर्थ अगदी साधा आहे. आपल्या भिंतीवर मागच्या पुराची खूण पक्क्या रंगाने करून ठेवा आणि ती नदीवरच्या मोजपट्टीशी जोडा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. किती फुटांना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं आणि किती फुटांना जोत्याला लागतं, हे दोन आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपलं घर कुठल्या रेषेच्या आत आहे ते पाहून ठेवा. सामान माळ्यावर किंवा गच्चीवरच्या खोलीत हलवलं तर ते घरातच राहतं. नातेवाइकाच्या घरी नेलेली वस्तू मात्र तिथे विम्याखाली नसते. एवढं असूनही टीव्ही हलवा, कारण विम्यापायी कुणी वस्तू पाण्यात ठेवू नये.

आम्ही गुण कापला तो इथेच. जोतं उंच केलं, प्लग कमरेच्या वर घेतले, संडासाच्या लाइनला पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवली, तळमजल्यावर प्लायवूडऐवजी लोखंडी किंवा सिमेंटचे कप्पे केले, तरी प्रमाणित मजकुरात त्यासाठी सवलतीचं एकही कलम नाही. जो पदरमोड करून घर सुरक्षित करतो, त्याला काहीतरी परत मिळायला हवं. दुसरी उणीव चिखलाची. राडारोडा काढण्याचा खर्च मिळतो तो दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत. ३ लाखांच्या दाव्याला ६ हजार. गुडघाभर गाळ भरलेलं घर मजूर लावून उपसायचं, ट्रॉलीने बाहेर टाकायचं आणि दोनदा धुवायचं म्हटलं, तर तेवढ्यात काहीच भागत नाही. घर राहण्याजोगं नसेल तर पर्यायी जागेच्या भाड्याची तरतूद आहे. त्यासाठी किती रक्कम आणि किती काळ लिहिलाय, ते पॉलिसीच्या अनुसूचीत वाचून घ्या. तो रकाना रिकामा राहिला असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

दावा कसा करायचा हे आधीच माहीत हवं. घरात पाऊल टाकताच, झाडू हातात घेण्याआधी, व्हिडिओ काढा: बाहेरून घर, भिंतीवरची पाण्याची रेषा आणि तिच्याशेजारी धरलेली मोजपट्टी, मग एकेक खोली. फ्रिज, मशीन, इन्व्हर्टर यांच्या मागच्या पाटीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटो घ्या. त्याच दिवशी कंपनीला फोन करा, दावा क्रमांक घ्या आणि ईमेलही टाका. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. कंपनीने सर्वेक्षक, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, २४ तासांत नेमावा, १५ दिवसांत त्याचा अहवाल घ्यावा आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय द्यावा, असं इरडाच्या २०२४ च्या परिपत्रकात आहे. मोठ्या पुरात ही गाडी हमखास रेंगाळते. घाण घरात ठेवणं शक्य नसतं, म्हणून ‘आरोग्याच्या कारणाने अमुक वस्तू उद्या टाकत आहोत, फोटो सोबत आहेत’ असं कळवून मगच त्या टाका. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रतही जोडा. तो सरकारी मदतीसाठी असला तरी पाण्याच्या पातळीचा तो चांगला पुरावा ठरतो. सर्वेक्षकाने सरसकट घसारा, म्हणजे वस्तू जुनी म्हणून किमतीतली घट, कापला, तर कोणत्या कलमाने, हे लेखी विचारा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. कार्यालयं मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात.

गृहकर्ज असेल तर बँकेने दिलेला कागद उघडून वाचा. बऱ्याचदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, घराचा नसतोच. घराचा असला तरी कधीकधी फक्त कर्जाच्या रकमेपुरता, आणि त्यावर घर क्रमांक किंवा सिटी सर्व्हे नंबर चुकीचा पडलेला असतो. ही चूक पाणी यायच्या आधी पाच मिनिटांत सुधारते, नंतर महिनोन्‌महिने छळते. मागच्या पुराबद्दल अर्जात विचारलं असेल तर खरं लिहा, नाहीतर दावा त्याच उत्तरावर अडेल.

भाडेकरूला फक्त सामानाची पॉलिसी घेता येते. सोसायटीने सामाईक भागांसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी आणि पंप, मीटर, लिफ्टचं यंत्र तळघरात असेल तर ते यादीत आहे ना, हे बघावं. दुकानासाठी मात्र ही पॉलिसी चालत नाही. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्यायची. तिथे रक्कम १५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी लिहिली तर भरपाईला कात्री लागते, म्हणून गणपती-दिवाळीआधी माल वाढतो तेव्हाचा आकडा धरावा. आणि बांबू, गवत, ताडपत्री, लाकडी फळ्यांच्या घरांना पॉलिसी ‘कच्चं बांधकाम’ म्हणते. अशा घराला विमा मिळेल का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्या. मिळाला नाही, तर त्या कुटुंबाला विमा का काढला नाही असं कुणी विचारू नये. त्यांना सरकारी मदत आणि शेजाऱ्यांचा हातच पुरा पडायला हवा.

हप्ता विम्याच्या रकमेवर आणि ठिकाणावर ठरतो. वरच्यासारख्या घराला तो वर्षाला काही हजारांच्या पुढे सहसा जात नाही. तीन कंपन्यांकडून एकाच रकमेचे दर लेखी मागवा. हे काम मे महिन्यातच उरका. पाणी चढायला लागल्यावर काढलेली पॉलिसी आधीच भिजलेल्या घराला लागू होत नाही.