जुन्या मारुती ८०० ला अलार्म : एक फसलेली आणि एक जमलेली बसवणूक

आमची मारुती ८०० ही २००५ सालची आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची रीतसर पुनर्नोंदणी करून घेतली, कारण इंजिन ठणठणीत होते आणि परभणीच्या गल्ल्यांत इतकी सोयीची दुसरी गाडी मला अजून मिळालेली नाही. मात्र या गाडीच्या चावीत तिची ओळख पटवणारी चिप नाही, सगळी दारे एकदम बंद करणारे मध्यवर्ती लॉक नाही आणि घराला आवार नसल्याने ती रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असते. २०२२ च्या दिवाळीत कोणीतरी मागच्या दाराच्या काचेच्या रबरातून पट्टी घालून लॉक उचलले आणि आतला टेप व कागदपत्रांची पिशवी नेली. टेपचे दुःख नव्हते, पण नोंदणी पुस्तकाची दुय्यम प्रत काढताना जे हेलपाटे पडले त्यानंतर अलार्म बसवायचाच, असे ठरवले.

हा अलार्म मी दोनदा बसवून घेतला. पहिल्यांदा एका मोठ्या दुकानात आणि दुसऱ्यांदा, अलार्मचा तोच डबा वापरून, वसमत रस्त्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन मिस्त्रींकडे. दोन्ही वेळा वस्तू एकच असल्याने दोष कुठे होता हे मला नीट पाहता आले.

निवडीबद्दल आधी लिहितो. बाजारात नाशिकच्या ऑटोकॉप कंपनीपासून कोणतेही नाव नसलेल्या स्वस्त डब्यांपर्यंत पुष्कळ पर्याय आहेत आणि खोक्यावर सगळ्यांनीच सारखीच आश्वासने छापलेली असतात. माझ्या मते त्यांतील तीनच गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, रिमोटचा कोड दर वेळी बदलणारा, म्हणजे रोलिंग कोड असावा. स्थिर कोडच्या रिमोटचा संदेश एकदा पकडून ठेवला की तोच पुन्हा सोडून गाडी उघडता येते, बदलत्या कोडमध्ये जुना संदेश पुन्हा चालत नाही. दुसरी, भोंग्याला स्वतःची बॅटरी असावी, नाहीतर बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली की अलार्म गप्प होतो. तिसरी, रिमोट हरवला किंवा त्याचा सेल संपला तर चावी आणि लपवलेले एक बटण वापरून अलार्म बंद करण्याची सोय असावी. मोबाइलवर संदेश, दुरून इंजिन चालू करणे यांसारख्या सोयींसाठी हाताने गिअर टाकायच्या जुन्या गाडीत पैसे घालू नयेत. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली असेल तर दुरून चालू करताच ती पुढे उडी घेईल.

मी घेतलेल्या संचात या तिन्ही गोष्टी होत्या. अलार्मचे २,६०० रुपये आणि चार दारांच्या मध्यवर्ती लॉकचे १,४०० रुपये झाले. दुकानातल्या मुलांनी दीड तासात काम उरकून गाडी हातात दिली आणि त्या वेगाचे मला कौतुकच वाटले होते.

एप्रिल संपता संपता त्रास सुरू झाला. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. त्यात वळवाच्या पावसाचा गडगडाट झाला की मध्यरात्री भोंगा सुरू होई. दोन-तीन रात्रींनंतर समोरच्या काकूंनी, 'गुरुजी, लेकरू झोपेतून दचकून उठतंय हो,' असे सांगितले तेव्हा मला फार अपराधी वाटले. पण याहून गंभीर प्रसंग जिंतूर रस्त्यावर घडला. मागे उसाचा ट्रक, शेजारी पत्नी आणि चालती गाडी एकाएकी बंद. स्टिअरिंगवर दोन-तीन थापा मारल्यावर ती पुन्हा चालू झाली. त्या दिवशी घरी आल्यावर मी अलार्म काढूनच टाकायचा, असे ठरवले होते.

काढण्यासाठी म्हणूनच मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्टिअरिंगखालचे आवरण उघडले आणि आतल्या तारांचा पुंजका बाहेर ओढून मला दाखवला. तारा नुसत्या पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली होती आणि उन्हाने टेपचा डिंक वितळून ती सालीसारखी सरकली होती. हात लावला तर बोटांना चिकट काळे लागले आणि आतली तांब्याची तार उघडी दिसली. इंजिन बंद करणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, इग्निशनच्या मुख्य तारेवर बसवलेला होता. तो जोड ढिला झाला, की चालत्या गाडीचा इग्निशनचा पुरवठाच तुटे. धक्का ओळखणारा सेन्सर कशालाच पक्का बांधलेला नव्हता, तारेला लटकत होता. तो प्रत्येक कंपनाने हलत होता, त्यामुळे रात्रीचे भोंगे त्याचेच होते. सर्वांत वाईट गोष्ट शेवटी कळली. माझ्या गाडीत दार उघडताच आतला दिवा लावणारे स्विच फक्त पुढच्या दोन दारांना आहेत आणि अलार्मही तेवढ्याच स्विचांना जोडलेला होता. ज्या मागच्या दारातून चोरी झाली, ते दार अलार्म चालू असताना हलकेच उघडून पाहिले. भोंगा वाजला नाही.

मिस्त्री म्हणाले, 'डबा चांगला आहे गुरुजी, काढू नका. मला दोन दिवस द्या.'

त्या दोन दिवसांतला बराच वेळ मी तिथल्या बाकावर बसून काम पाहिले. प्रत्येक जोडाआधी तारेत बारीक नळी ओवायची, तारा पिळायच्या, राळ लावून डाग द्यायचा, मग नळी जोडावर सरकवून तिला हलकी आच दाखवायची, म्हणजे ती आकसून तारेवर घट्ट बसते. राळेचा धूर डोळ्यांत जात असतानाही घाई नाही. असे वीसएक जोड त्यांनी नव्याने केले. रिले इग्निशनवरून काढून स्टार्टरच्या तारेवर घेतला. आता अलार्म चालू असताना स्टार्टर फिरत नाही, पण चालत्या गाडीला रिलेमुळे धोका उरलेला नाही. शिवाय रिलेच्या नेहमी जुळलेल्या, म्हणजे रिलेला वीज नसतानाही जोडलेल्या राहणाऱ्या, टोकावर जोडणी केल्याने, उद्या अलार्मचा डबाच बिघडला तरी गाडी सुरू होते. हे मी त्यांना डब्याचा फ्यूज काढून दाखवायला लावले आणि गाडी खरोखरच सुरू झाली. स्टार्टर अडवलेली गाडी ढकलून चालू करता येते, ही या जोडणीची मर्यादा आहे. ती मी जाणून स्वीकारली आहे आणि रात्री गिअरला वेगळे यांत्रिक कुलूप लावतो.

मागच्या दोन्ही दारांना आणि बॉनेटला स्वतंत्र स्विच बसले. दारांची आतल्या बाजूची पॅडे काढली तेव्हा पहिल्या दुकानाने आतला पॉलिथिनचा कागद फाडून टाकल्याचे दिसले. तो कागद नसेल तर काचेवरून आत उतरणारे पावसाचे पाणी पॅडमध्ये मुरते. मिस्त्रींनी नवा कागद चिकटवला, तुटलेल्या क्लिपा बदलल्या आणि दारात जाणाऱ्या तारा रबरी नळीतून घेतल्या, म्हणजे दार उघडताना त्या पत्र्यावर घासणार नाहीत. लॉकचे जुने गज अडकत होते. ते साफ करून वंगण दिल्यावरच त्यांनी लॉक हलवणाऱ्या मोटारी जोडल्या, कारण अडकणाऱ्या गजाशी झगडून त्या लवकर जळतात. भोंगा एक्झॉस्टपासून दूर, तोंड खाली करून बसवला, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. सेन्सर स्टिअरिंगच्या लोखंडी आधाराला घट्ट केला आणि त्याचा स्क्रू किंचित किंचित फिरवत, काचेवर तळहात मारून पाहत संवेदनशीलता ठरवली. आता जोरदार थापेला एक छोटी चिवचिव होते आणि पुन्हा धक्का बसला तरच पूर्ण भोंगा वाजतो. बॉनेटवर झोपणाऱ्या मांजरीने त्यानंतर एकदाही गल्ली उठवलेली नाही.

बॅटरीबद्दल स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण लहान गाडीत हा प्रश्न मोठा आहे. मिस्त्रींनी बॅटरीच्या ऋण तारेत मीटर लावून मोजले, तेव्हा अलार्म लावलेल्या स्थितीत प्रवाह १८ मिलिअँपिअर आला. दिवसाला हे साधारण ०.४३ अँपिअर-तास होतात आणि महिन्याला १३. मारुती ८०० ची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे आम्ही महिनाभर मुलाकडे पुण्याला गेलो तर एक तृतीयांशाहून अधिक ताकद नुसत्या पहाऱ्यात जाते आणि बॅटरी जुनी असेल तर स्टार्टर उचलत नाही. आता दीर्घ मुक्कामाला जाताना मी भोंग्याच्या छोट्या चावीने त्याची आतली बॅटरी बंद करतो, मुख्य बॅटरीची तार सोडतो आणि गाडी मेहुण्यांच्या आवारात लावतो.

विम्यातील सवलतीच्या आशेने कोणी हा खर्च करू नये. पुण्याच्या एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, तेही जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी सवलत आहे. जुन्या गाडीचा हा हप्ताच लहान असतो. तो हजार रुपये धरला तर हाती पंचवीस रुपये येतात आणि विमा फक्त तृतीय पक्षाचा असेल तर काहीच नाही.

मिस्त्रींच्या कामातही उणिवा आहेत. गाडी दोन दिवस अडकून राहिली. पक्के बिल मिळाले नाही, हमी तोंडीच आहे. डिकी मध्यवर्ती लॉकमध्ये नाही, तिला चावीच लागते. रिमोट आमच्या ओसरीतून चालतो, आतल्या खोलीतून चालत नाही, अर्थात हा दोष डब्याचा. मजुरी आणि साहित्य मिळून त्यांनी १,८०० रुपये घेतले. पहिल्या दुकानाची मजुरी ८०० होती. हे जास्तीचे हजार रुपये मला रास्त वाटतात आणि जुन्या गाडीचा अलार्म घेणाऱ्याने डब्यावर पाचशे कमी खर्चून ते जोडणीवर घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन. दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी चारही दारे आणि बॉनेट एकेक करून उघडून भोंगा वाजतो का ते स्वतः पाहावे, रिले कोणत्या तारेवर आहे ते विचारावे आणि एक तरी जोड उघडा करून दाखवायला सांगावे.

काम संपल्यावर मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर तारांचे रंग आणि त्या कुठून कुठे जातात याचे चित्र काढून दिले. फ्यूज कुठे, रिले कुठे, हे सगळे त्यात आहे, लपवलेल्या बटणाची जागा तेवढी त्यांनी लिहिली नाही, ती फक्त मला दाखवली. पुठ्ठा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या अवजारांसोबत ठेवला आहे. गेल्या महिन्यात नांदेडला डाव्या बाजूचे इंडिकेटर बंद पडले, तेव्हा तिथल्या अनोळखी कारागिराने तो पुठ्ठा पाहून अलार्मची तार बाजूला ठेवली आणि दहा मिनिटांत बिघाड शोधला.