अटल सेतू: 250 रुपयांच्या टोलमध्ये काय मिळतं?

मुंबईतल्या शिवडीपासून नवी मुंबईच्या बाजूच्या चिर्लेपर्यंत 21.8 किलोमीटर, त्यातले 16.5 समुद्रावरून. जानेवारी 2024 मध्ये पूल खुला झाला तेव्हा ठरलेला कारचा टोल एकेरी 250, ये-जा 375. मासिक पास 12,500 चा, पण तो घेण्याआधी हिशोब मांडा. महिन्यात 33 पेक्षा जास्त ये-जा होत असतील तरच परवडतो. बावीस दिवसांची नोकरी असेल तर रोज ये-जा टोल भरून 8,250 च होतात. उलव्याला जायचं असेल तर पुलाच्या शिवाजीनगर रॅम्पवरून उतरा, 200 मध्ये काम होतं.

रस्ता अप्रतिम आहे. कारला 100 ची मर्यादा, चढ-उताराच्या रॅम्पवर मात्र 40, आणि नेमका तिथेच वेग कमी करायचा राहून जातो. शिवडीकडून निघाल्यावर बराच वेळ कडेच्या आडोशांमुळे समुद्र नीट दिसत नाही. फ्लेमिंगोंना आवाजाचा त्रास होऊ नये आणि भाभा अणुसंशोधन केंद्राकडे नजर जाऊ नये म्हणून ते लावलेत. पुढे पाणी मोकळं दिसतं आणि लोक फोटोसाठी गाडी बाजूला घेतात. कृपा करून घेऊ नका. दंड होतोच, शिवाय मागून गाड्या शंभराच्या वेगाने येत असतात.

या पुलाची खरी कमाल चाकांखाली आहे. जहाजांच्या वाटा आणि समुद्रतळावरच्या पाइपलाइन सोडायच्या म्हणून काही गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, 180 मीटरपर्यंत लांब ठेवावे लागले. काँक्रीटचा गाळा एवढा लांब केला तर त्याला स्वतःचंच वजन जड होतं. म्हणून तिथे ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक वापरला. पोलादी पत्र्याला खालून फासळ्या वेल्ड केलेल्या असतात, त्यामुळे पत्रा आणि गर्डर (खालची आडवी तुळई) एकजीव होऊन भार पेलतात आणि वजन कमी राहतं. पुलाच्या एका भागात एल अँड टीबरोबर जपानची आयएचआय होती, दुसऱ्यात टाटा प्रोजेक्ट्सबरोबर दक्षिण कोरियाची देवू. कर्जाचा मोठा वाटा जायकाचा, म्हणजे जपान सरकारच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेचा. जपानने येनमधलं पहिलं कर्ज 1958 मध्ये दिलं तेही भारतालाच.

भारत आणि जपानच्या संयुक्त निवेदनांत लोकशाही मूल्यांचा उल्लेख ठरलेला असतो. इथे ती मूल्यं कामाला आलेली दिसतात. जायकाच्या नियमांनुसार प्रकल्पाची झळ बसणाऱ्यांना थेट जायकाकडेच हरकत नोंदवता येते. इथल्या मच्छीमारांसाठीही भरपाईचं धोरण करावं लागलं. आमच्या मते टोलच्या पावतीइतकंच हेही मोलाचं आहे.

वेळ खातो तो पुलाच्या दोन्ही टोकांना. वरळीहून शिवडी गाठेपर्यंतच दमछाक होते, आणि पुण्याला जाणाऱ्यांना चिर्लेनंतर पळस्पे फाट्याकडच्या गर्दीत शिरावं लागतं. निघताना गुगल मॅपवर फक्त पुलाचा नाही, दारापासून दारापर्यंतचा वेळ बघा.

दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. गाडी नसेल तर फेब्रुवारी 2024 पासून पुण्याच्या काही शिवनेरी याच पुलावरून जातात. तिकीट काढताना मार्ग विचारून घ्या.