बाल्कांवात बसायला काय: चिऱ्याचा सोपो की वेताच्या खुर्च्या?

गोव्यातल्या फोंड्याची मावशी घरासमोर बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी करतेय आणि इथेच अडलीय: सोपो, म्हणजे चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) बांधीव बाक, की वेताच्या खुर्च्या? खर्चात वेत स्वस्त. सोपो म्हटला की गवंडी, चिरे, गिलावा सगळं आलं. पण गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तिथे वेताला बुरशी धरतेच. आमच्या खुर्चीची वीण तिसऱ्या पावसाळ्यात बोटाने ओढली तरी सुटत होती. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, मग हवेत कडक होतो. वर लाल सिमेंटचा गुळगुळीत थर दिला की फडक्याने पुसलं, झालं. दुपारी किती थंडगार लागतो! पाठीला मात्र वेतच बरा.

भाड्याचं घर किंवा घरात गुडघे दुखणारं माणूस असेल, तर वेत घ्या आणि पावसात आत न्या. स्वतःच्या दारात शेजाऱ्यांशी संध्याकाळी गप्पा रंगवायच्या असतील तर सोपोच बांधा.